दोन दिवसांत खाज थांबवणारी ट्यूब

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण नायट्याचा जोर वाढतो तो त्यानंतर. जूनमध्ये हवा दमट झाली की अंगावरचा घाम वाळेनासा होतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांमध्ये तर आत शिरलं की कायमच ओल. घामेजलेली पँट दिवसभर अंगावर, आणि जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोल चट्टे.

नायटा, म्हणजेच गजकर्ण, ही बुरशी. ती कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. मग खाज कशाची? ती येते आपल्याच शरीराने तिच्याशी चालवलेल्या लढाईतून. वाळल्या गवताला आग लागली की मधे राख आणि कडेला ज्वाळा असतात ना, तशी ही बुरशी मधून हटते आणि कडेने पुढे सरकते. म्हणून चट्ट्याची कड लाल, उंचावलेली.

आता मेडिकलवरून आणलेली ट्यूब. तिच्यात बहुतेकदा बुरशीवरचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं. हे शेवटचे दोन्ही स्टेरॉइड. क्लोबेटासोल तर सर्वांत जहाल गटातलं. स्टेरॉइड शरीराची लढाईच थांबवतं, त्यामुळे दोन दिवसांत खाज गायब आणि माणूस खूश. बुरशी मात्र बिनविरोध पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट खाज, मग पुन्हा तीच ट्यूब. महिनोन्‌महिने हे चाललं की चट्ट्याचा आकार हरवतो, वर्तुळात वर्तुळं उमटतात, कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे ताणाचे पट्टे पडतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. कागदावर.

स्टेरॉइड वाईट नाही. इसबावर ते उत्तम औषध आहे. नायट्यावर नाही, एवढंच.

लहान मुलांच्या बाबतीत धोका जास्त. वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे लावलेलं औषध रक्तात अधिक जातं. डायपरखाली लावलं तर आणखीच. त्यातून मूत्रपिंडावरची, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावते, वाढ खुंटू शकते. बाळाच्या लालसर पुळ्यांवर मोठ्यांची ट्यूब चोळणारी घरं पाहिली की राग येतो.

भर म्हणून बुरशीही बदलली आहे. भारतात आणि नेपाळमध्ये पसरलेल्या प्रकाराला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं; यातल्या बऱ्याच बुरशींवर टर्बिनाफिन ही नेहमीची गोळी चालत नाही. डॉक्टर चट्ट्याची कड खरवडून तो भुगा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी स्वस्त आहे, आवर्जून मागावी. ट्यूब घेऊन गेलात तर ती दाखवा, लपवू नका.

उपचार आठवड्यांचा असतो, कधी महिन्यांचा. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं आणि डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस सुरू ठेवायचं. घरात दोघातिघांना असेल तर सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं. टॉवेल वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवायचे, आणि उन्हाची खानदेशात टंचाई नाही.