‘वंडरवॉल म्युझिक’ : बीटल्सच्या गिटारवादकाचा मुंबईत घडलेला अल्बम

सोलापुरात जुन्या तबकड्या जमवणारी आणि अधूनमधून एकत्र बसून त्या ऐकणारी मंडळी आजही आहेत. त्यांच्यापैकी कोणी जॉर्ज हॅरिसन यांचा ‘वंडरवॉल म्युझिक’ लावला, की नव्याने ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बीटल्ससारख्या पॉप-रॉक बँडमधील गिटारवादकाचा अल्बम सनईने कसा सुरू होतो, आणि ही सनई, संतूर, बासरी, पखवाज वाजवणारी माणसे कोण? प्रश्न रास्त आहे. बहुतेक इंग्रजी लेखनात हा अल्बम ‘एका बीटलचा पहिला स्वतंत्र अल्बम’ म्हणून येतो. त्याची खरी जडणघडण मात्र मुंबईच्या वादकांना वगळून सांगताच येत नाही.

बीटल्सच्या गाण्यांत सतार पहिल्यांदा ऐकू आली ती १९६५ मध्ये, हॅरिसन यांच्याच हातून. १९६६ मध्ये त्यांची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते शिकण्यासाठी मुंबईत आले. त्या मुक्कामात रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांचीही त्यांना शिकवणी लाभली आणि पुढे मुंबईतील वादक जमवताना हीच ओळख उपयोगी पडली. बँडमधील त्यांची स्थिती या काळात अवघडच होती, कारण बहुतेक गाणी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची असत आणि हॅरिसन यांच्या वाट्याला प्रत्येक अल्बममध्ये मोजक्याच जागा येत. भारतीय संगीतावर जडलेले मन त्या मोजक्या जागांत मावण्यासारखे नव्हते.

अशा वेळी, १९६७ च्या उत्तरार्धात, दिग्दर्शक जो मॅसट यांनी ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत करण्याविषयी त्यांना विचारले. एकलकोंडा वैज्ञानिक भिंतीच्या भोकांतून शेजारच्या तरुणीचे आयुष्य पाहत राहतो, एवढीच त्या चित्रपटाची गोष्ट. जॅक मॅकगाउरन आणि जेन बर्किन यांच्या त्यात भूमिका होत्या आणि संवाद अगदी थोडे असल्यामुळे प्रसंग तोलून धरण्याचे काम संगीताकडेच होते. तुम्ही जे कराल ते चित्रपटात घेईन, असा शब्द मॅसट यांनी दिला. पूर्वी कधीही पार्श्वसंगीत न केलेल्या हॅरिसन यांनी ही मोकळीक पाश्चात्त्य श्रोत्यांना भारतीय संगीताचा एक लहानसा संग्रहच ऐकवण्यासाठी वापरायची, असे ठरवले.

लंडनमधील काम नोव्हेंबर १९६७ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत सुरू झाले. तेथे लिव्हरपूलचा रेमो फोर हा बँड साथीला होता आणि रविशंकर यांच्याबरोबर काम केलेले पियानोवादक जॉन बरॅम पाश्चात्त्य वाद्यांचे संयोजन पाहत होते. एरिक क्लॅप्टन आणि रिंगो स्टार यांनीही टोपणनावांनी हजेरी लावली. हा भाग रंजक आहे, पण अल्बमचा प्राण तेथे नाही.

जानेवारी १९६८ मध्ये, संक्रांतीच्या अलीकडच्या आठवड्यात, हॅरिसन मुंबईत दाखल झाले. ध्वनिमुद्रण ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे आपण ज्याला एचएमव्ही म्हणून ओळखतो त्या कंपनीच्या, फोर्टमधील सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरील स्टुडिओत झाले. लंडनमध्ये तेव्हा चार ट्रॅकची यंत्रे वापरात होती, तर मुंबईच्या स्टुडिओत मोनो मुद्रणाचीच सोय होती. कंपनीचे तरुण अधिकारी भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे, म्हणजे दोन स्वतंत्र पट्ट्यांवर आवाज टिपणारे, स्टिरिओ यंत्र रेल्वेने थेट कलकत्त्याहून मुंबईला आणले. हेच मेनन पुढे अमेरिकेतील कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे आणि नंतर ईएमआय या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले. आज एखाद्याच्या खिशातील फोनवर डझनावारी ट्रॅक मावतात, त्यामुळे या यंत्राचे महत्त्व सांगावे लागते : दोनच ट्रॅक हाती असले, की वाद्यांचा समतोल नंतर साधण्याची फारशी मुभा राहत नाही. कोणता वादक माइकपासून किती अंतरावर बसेल, तबला किती पुढे आणि बासरी किती मागे राहील, हे वाजवतानाच ठरवावे लागते आणि सगळ्यांना एकत्र, एका दमात वाजवावे लागते. शिवाय हा स्टुडिओ कार्यालयांच्या वर होता आणि बाहेरचा आवाज अडवण्याची व्यवस्था जवळजवळ नव्हती. संध्याकाळी साडेपाचला कार्यालये सुटली, की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे आणि नीट कान दिला तर काही गतींमध्ये, म्हणजे वाद्यरचनांमध्ये, रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात, असे हॅरिसन यांनीच पुढे सांगितले आहे.

या अल्बमवरील वादकांची यादी आज वाचताना थक्क व्हायला होते. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. दोघेही तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ यांचे पुत्र आशिष खाँ, तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र. सतारीच्या कुळातील, पण मोठ्या आणि खर्जातल्या सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, तारशहनाईवर विनायक व्होरा, सनईवर शरद कुमार, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद, आणि सतारीवर शंभू दास. लेखन, संयोजन आणि निर्मिती हॅरिसन यांची असली, तरी तबकडीवरच्या वादकांत त्यांचे नाव नाही. स्वतः सतार शिकत असलेल्या माणसाने या मंडळींसमोर ती हाती धरण्याऐवजी काचेपलीकडे बसून ऐकणे पसंत केले, ही गोष्ट मला त्यांच्या समजुतीची मोठी खूण वाटते.

काम करण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. लंडनमध्ये चित्रपट पाहताना हॅरिसन यांनी स्टॉपवॉच लावून प्रत्येक प्रसंगाची लांबी टिपून घेतली होती आणि त्या मापाचे तुकडे त्यांना हवे होते. रागाला विस्ताराची सवय. आलापाला अर्धा तासही अपुरा पडतो. येथे तर दोन-तीन मिनिटांत, कधी त्याहूनही कमी वेळात, एक भाव उभा करून थांबायचे होते. मैफलीपुरतेच वाजवणाऱ्यांना हे जड गेले असते. शिवकुमार शर्मा, चौरसिया, देसाद ही मंडळी मात्र मैफल आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद अशा दोन्ही ठिकाणी वावरणारी होती. सेकंदाच्या हिशेबाने पार्श्वसंगीत वाजवणे हे त्यांचे रोजचे काम होते. हा अल्बम थोड्या दिवसांत आणि इतका नेटका झाला, त्याचे मोठे श्रेय माझ्या मते मुंबईच्या चित्रपट-संगीताने घडवलेल्या या शिस्तीला जाते आणि ते त्याला क्वचितच दिले जाते.

सनईबद्दल सोलापूरकराने थोडे अधिक थांबून ऐकावे. सनई आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आणि देवळाच्या दारात ऐकू येते, आणि सनईच्याच कुळातील सुंदरी हे छोटे वाद्य तर सोलापूरच्या जाधव घराण्याने जपलेले आहे. त्यामुळे या स्वराशी मंगलकार्याचे नाते आपल्या कानात पक्के बसले आहे. अल्बमच्या सुरुवातीच्या ‘मायक्रोब्स’ या गतीत तोच स्वर एका एकाकी वैज्ञानिकाच्या सोबतीला येतो आणि त्यात मांडवाचा मागमूसही राहत नाही. पाश्चात्त्य श्रोत्याला तो स्वर केवळ नवा वाटतो. आपल्याला मात्र ओळखीच्या वाद्यातली ही अनोळखी उदासी जाणवते, आणि म्हणून या गतीचा अधिक चांगला श्रोता सोलापुरात सापडेल असे मला मनापासून वाटते. ‘क्राइंग’ या छोट्या गतीतील तारशहनाई हे मात्र फुंकून वाजवायचे वाद्य नव्हे. इसराजासारखे गजाने वाजवायचे आणि आवाज वाढवण्यासाठी धातूचा कर्णा जोडलेले ते तंतुवाद्य आहे.

मुंबईतील याच दिवसांत हॅरिसन यांनी आणखी एका गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित करून घेतले. चिनी ग्रंथ ‘ताओ ते चिंग’वर आधारलेल्या या ‘द इनर लाइट’ गाण्याचे गायन फेब्रुवारीत लंडनला झाले आणि मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आले. बीटल्सच्या गाण्यांपैकी भारतात वाद्यसंगीत मुद्रित झालेले हे एकमेव गाणे होय.

चित्रपट मे १९६८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. अल्बम ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसिद्ध झाला. बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीचा तो पहिला अल्बम होता. ब्रिटनच्या विक्रीयादीत त्याला स्थान मिळाले नाही, अमेरिकेत तो ४९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. तीनच आठवड्यांनी बीटल्सचा पांढऱ्या मुखपृष्ठाचा दुहेरी अल्बम आला आणि त्याच्या गाजावाजात हे काम मागे पडले.

वादकांशी जुळलेले नाते मात्र टिकले. १९७४ मध्ये हॅरिसन यांनी रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वादकांचा मोठा संच युरोपात नेण्यास पाठबळ दिले, तेव्हा त्यात शिवकुमार शर्मा, चौरसिया आणि रिजराम देसाद पुन्हा होते. सीडीच्या रूपात अल्बम १९९२ मध्ये आला. २०१४ च्या नव्या आवृत्तीत ‘द इनर लाइट’चे गायनाविना असलेले वेगळे मुद्रण आणि ‘ऑल्मोस्ट शंकरा’ ही तोवर अप्रकाशित राहिलेली भारतीय गतही जोडली गेली. मुंबईच्या वादकांचे काम निवांत ऐकायचे असेल, तर हीच आवृत्ती मिळवावी.