पट्टी वेगळी, चालीचा पल्ला वेगळा

“आमच्या मंडळाची पट्टी काळी एक.” बेळगाव-खानापूर भागात भजनाला बसलं की हे वाक्य कानावर येतंच: म्हणजे सा धरायचा तो पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या बटणावर. निपाणीकडे गेलात तर कुणी काळी दोन सांगेल, एवढाच फरक. मग काकड आरती असो, पारायणातला हरिपाठ असो की कन्नड संतांचं दासरपद, सगळं त्याच पट्टीत. तिसऱ्या अभंगाला बायका गप्प होतात, पाचव्याला म्हातारे टाळकरी नुसते ओठ हलवतात आणि खापर फुटतं ते “लोकांना हल्ली गायचंच नसतं” यावर. लोकांना गायचं असतं. त्यांच्या गळ्यात ती चाल मावत नाही.

पट्टी म्हणजे काय, हे पेटीशेजारी बसणाऱ्याला सांगायला नको. सा जिथे धरला ती पट्टी. पट्टी म्हणजे राग नव्हे, आणि उंच पट्टी म्हणजे मोठा आवाजही नव्हे. माईक वाढवून पट्टी चढत नाही. एवढं पुरे.

घोळ होतो तो पल्ल्याचा. चाल सा पासून किती खाली उतरते आणि किती वर चढते, तो तिचा पल्ला. पट्टी पेटीवर दिसते, म्हणून सगळे तिच्यावर बोलतात. पल्ला चालीत दडलेला असतो, तो कुणी मोजत नाही. आणि गळ्याला त्रास देतो तो पल्लाच.

रियाज नसलेल्या जमावाचा गळा साधारण केवढा, ते आधी बघू. बायकांचा आवाज मंद्र (खालच्या) सप्तकातल्या पांढरी सहापासून तार (वरच्या) सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत सुखाने जातो. पुरुषांचं हेच, एक सप्तक खाली. एकत्र गाताना बायका आपोआप एक सप्तक वर गातात, त्यामुळे हिशेब एकदाच करावा लागतो. या हद्दीबाहेर क्षणभर गेलं तर चालतं, तिथे मुक्काम केला तर नाही.

आता तीन चाली घ्या. तिन्हींना काळी एक.

पहिली चाल मध्य सा वरून निघते आणि टिपेच्या सा ला पोचते. म्हणजे काळी एक ते वरची काळी एक. वरच्या हद्दीच्या अर्धा सूर, म्हणजे एक बटण, अलीकडे थांबते, खाली भरपूर जागा शिल्लक. छान बसते. मंडळाची काळी एक ठरली ती अशाच चालींवरून, आणि अशा चालींपुरती ती बरोबरच आहे.

दुसरी चाल मंद्र पंचमापासून (खालच्या प पासून) मध्य पंचमापर्यंत फिरते. सा तिच्या मधोमध असतो. तिलाही काळी एक धरली तर ती खालच्या काळी चारपर्यंत घसरते, म्हणजे हद्दीच्याही खाली, आणि वर नुसती मध्य सप्तकातल्या काळी चारपर्यंत. अर्धं भजन कुणाला ऐकूच येत नाही. मग बुवा ओरडतात, “आवाज काढा की!” काढणार कुठून? खर्जात जोर येत नाही. इथे सा काळी तीनवर न्यायला हवा. न्या आणि बोट फिरवून बघा: मंद्र पंचम येतो काळी एकवर, मध्य पंचम येतो वरच्या काळी एकवर. पहिल्या चालीने जेवढी जागा घेतली, नेमकी तेवढीच. पट्टी अडीच सूर चढली आणि गळ्याला मात्र दोन्ही चाली सारख्याच. ज्याला हे एकदा पेटीवर दिसलं, तो “काळी तीन म्हणजे फार उंच बाबा” असं पुन्हा म्हणणार नाही.

“पण पखवाज काळी एकला लावलाय” ही पुढची हरकत. ती रास्त आहे. भजन चालू असताना कुणी पखवाज चढवत बसत नाही. पण काळी तीनचा पंचम काळी एकच. पखवाज आहे तिथेच राहू द्या, तो आता पंचमात बोलेल. जुनी माणसं “मध्यमाला सा धर” (काळी एकच्या म वर) म्हणतात, ते हेच. फक्त तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सा बदलायला विसरू नका.

तिसरी चाल सा पासून तार गंधारापर्यंत (वरच्या ग पर्यंत) जाते. काळी एकमध्ये हा गंधार वरच्या पांढरी चारवर, हद्दीच्या दीड सूर पलीकडे. ती सगळ्यांनी मिळून गायची तर सा खालच्या काळी पाचवर आणावा लागतो आणि मग पखवाजही बदलावा लागतो. पण आधी एक बघा: तो गंधार येतो कुठे? पुष्कळदा ध्रुपद (पालुपद) पंचमाच्या आतच असतं आणि उडी असते ती चरणात. चरण बुवा एकटे म्हणणार असतील आणि धरकरी नुसतं ध्रुपद उचलणार असतील, तर पट्टी ध्रुपदावरून ठरवा. चरणही मागून सगळेच म्हणत असतील तर पट्टी चरणावरून. हे न ठरवता पहिली ओळ सोपी गेली म्हणून पट्टी पक्की करणं मला मुळीच पटत नाही. अभंगातला सर्वात वरचा सूर आधी शोधा, मग सर्वात खालचा, आणि सा ची चर्चा त्यानंतर.

दुसरी खोड रेकॉर्डिंगवरून पट्टी उचलण्याची. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व आपल्याला जवळचे, त्यांची भजनं ऐकून कुणालाही गावंसं वाटेल. पण तिथली पट्टी एका कमावलेल्या गळ्यासाठी आहे, पन्नास टाळकऱ्यांसाठी नाही. मैफिलीत गाणाऱ्या बायका खालची काळी चार किंवा पाच धरतात, कारण ख्यालात त्यांना मंद्रापासून तार पंचमापर्यंत फिरायचं असतं. “बायका आहेत, काळी पाच धरा” असं म्हणून सा ते सा एवढीच चाल त्या पट्टीत टाकली, की बिचाऱ्या सगळं भजन पोटातल्या आवाजात म्हणतात. त्याच बायका काळी एकला मोकळ्या गातील.

काकड आरतीचं थोडं वेगळं. कार्तिकातल्या थंडीत पहाटे गळे उघडलेले नसतात. संध्याकाळची पट्टी अर्धा-एक सूर उतरवा, तासाभराने पूर्ववत करा.

स्केल चेंजर पेटी (बटणं सरकवून सा बदलता येणारी) असेल तर एक विनंती. सरकवलेल्या पेटीवर बोट काळी एकवर दिसलं तरी सूर काळी एकचा असेलच असं नाही. वहीत पट्टी लिहिताना ऐकू येणारा सूर लिहा, बोटाची जागा नको. नाहीतर दुसऱ्या गावची साधी पेटी समोर आली की वही निरुपयोगी ठरते. आणि प्रत्येक अभंगापुढे पट्टीच्या शेजारी चालीचा खालचा-वरचा सूरही टिपा: “मंद्र प ते प, काळी तीन”. बुवा बदलले, पेटीवाले बदलले, तरी पुढच्याला तेवढ्यावरून सा धरता येतो.