आटत गेलेला कंडेन्सर

गेवराईकडच्या आमच्या शेतातल्या सौर पंपाचा कंट्रोलर मे महिन्यात बंद पडला. मेकॅनिकनं पेटी उघडली, तर आतला मोठा कंडेन्सर फुगलेला. "व्होल्टेज जास्त आलं, उडाला," चुलते म्हणाले. पण हा कंडेन्सर, म्हणजे कॅपॅसिटर, एका दुपारी गेला नव्हता. तो कित्येक उन्हाळे आटत होता.

पॅनेलची डीसी वीज मोटरसाठी एसी करताना कंट्रोलरमधले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करतात. त्याचे हिसके हा कॅपॅसिटर पोटात घेतो. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी, मधे द्रावणात भिजवलेला कागद, तोंडाशी रबरी बूच. बुचातून द्रावणाची वाफ हळूहळू निसटते. द्रावण घटलं की आतला रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि उष्णतेनं वाफ आणखी निसटते. धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, २० टक्के घटली किंवा रोध दुप्पट झाला, की आयुष्य संपलं असं साधारण धरतात.

तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य अंदाजे दुप्पट. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कॅपॅसिटर ७५ अंशांना १६,००० तास टिकेल. रोजचे आठ तास धरले तर साडेपाच वर्षं. ६५ अंशांना अकरा.

मग आटणं आधी ओळखायचं कसं? मला सगळ्यात आवडते ती रीत साधी आहे. पॅनेल तोडलं की कॅपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार एका ठरावीक रोधातून वाहून जातो. धारकता १००० मायक्रोफॅरड आणि हा रोध १०० किलोओहम असेल, तर व्होल्टेज मूळच्या ३७ टक्क्यांवर यायला १०० सेकंद लागतात. धारकता २० टक्के घटली, तर ८०च. डीसी व्होल्टेज कंट्रोलर तसंही मोजतोच. त्यानं रोज हे सेकंद तेवढे नोंदवायचे. मात्र त्या वेळात दुसरं काही वीज ओढत असेल तर हिशेब चुकतो. आतला रोधही यातून कळत नाही. त्यासाठी स्विचिंगच्या वारंवारतेला व्होल्टेजच्या लहरीला (बारीक चढउताराला) प्रवाहाच्या लहरीनं भागावं लागतं, आणि गरम द्रावणाचा रोध मुळात कमी असल्यानं तापमानाची दुरुस्तीही करावी लागते.



पेटी मात्र स्वतः उघडू नका. पॅनेल तोडल्यावरही आत काही मिनिटं शेकडो व्होल्ट उरतात. चुलत्यांनी यंदा पेटी तापू नये म्हणून तिच्यावर हवा खेळेल एवढं अंतर सोडून पत्रा टाकला आहे.