शर्ट आत की बाहेर? पहिल्या कॉफीच्या कपड्यांची पार्श्वभूमी

पहिल्यांदाच भेटायचंय, बेत कॉफीपुरता आहे, तर पुरुषाने काय घालावं? यावर आज जे सल्ले फिरतात त्यांचं उत्तर जवळपास एकच असतं: अंगाबरोबर बसणारी गडद जीन्स, साधा शर्ट किंवा कॉलरचा टी-शर्ट, स्वच्छ बूट. पुण्या-मुंबईत हे उत्तर कुठून आलं ते शोधत गेलं, तर वाट प्रेमाच्या गावाला कमी आणि ऑफिसकडे जास्त जाते.

त्याआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कांदेपोह्यांना जाताना मुलाचे कपडे घरचेच ठरवत. टेरिकॉटची पँट, इन केलेला शर्ट, चकचकीत बूट. बूट दारातच काढावे लागत, त्यामुळे खरी परीक्षा मोज्यांची. कॉलेजातल्या जोड्या सारसबागेत किंवा चौपाटीवर भेटत, त्या वर्गातून निघालेल्या कपड्यांतच. भेट लपवायची असे, आणि खास कपडे म्हणजे घरच्यांच्या हाती आयता पुरावा. ‘डेटचे कपडे’ हा प्रश्न तेव्हा पडायला जागाच नव्हती.

तो पडला 1990 च्या दशकात. त्याआधी बहुतेक पुरुषांचा कपाटभर ऐवज शिंप्याकडचा असे. आहेरात आलेला पँटपीस-शर्टपीस, लक्ष्मी रोडवरून घेतलेलं कापड, दिवाळीआधी महिनाभर टाकलेली मापं. देशी डेनिम मोठ्या प्रमाणावर 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात निघू लागलं, पण तयार जीन्स अनेकांच्या खिशाला परवडत नव्हती. 1995 मध्ये गुजरातच्या एका गिरणीने न शिवलेल्या जीन्सचं पाकीटच बाजारात आणलं. त्यात कापड, चेन, रिव्हेट आणि मागे लावायचं लेबल असे, किंमत दोनशे रुपयांच्या आत, शिवायची आपल्या शिंप्याकडून. लहान गावांतल्या अनेकांच्या अंगावर पहिली जीन्स अशी आली. फॅशनचा इतिहास सांगताना मॉलचं नाव आधी घेतात. माझ्या मते मान या पाकिटाचा.

आता ज्यावर आजही घराघरांत वाद होतो तो मुद्दा: शर्ट इन करायचा की बाहेर ठेवायचा? बाहेर ठेवणं म्हणजे गबाळेपणा, ही समजूत शाळेच्या गणवेशाने आणि पुढे नोकरीने पक्की केली. पण आपल्याकडचा सदरा, झब्बा, नेहरू शर्ट हे सगळे बाहेरच असायचे. महायुद्धकाळातल्या लष्करी बुश जॅकेटचं नागरी भावंड म्हणजे बुशशर्ट, तोही बाहेर घालायचा. आजोबांच्या पिढीतले कितीतरी कारकून आणि मास्तर बुशशर्टवर आयुष्यभर वावरले. त्यांना कुणी गबाळं म्हटलं नाही.

सगळी गोम शर्टाच्या खालच्या कडेत आहे. युरोपात शर्ट मुळात आतून घालायचा कपडा होता, त्याचे पुढचे-मागचे पदर लांब आणि गोलाकार, खोचण्यासाठीच कापलेले. बुशशर्टाची कड सरळ, बाजूला चिरा. आपले शिंपी ऑफिसचा शर्ट मुद्दाम लांब ठेवत, बसस्टॉपवर हात वर केला तरी तो पँटीतून सुटू नये म्हणून. असा शर्ट बाहेर काढला की तो मांडीपर्यंत लोंबे, आणि माणूस खरोखरच झोपेतून उठून आल्यासारखा दिसे. ‘इन कर’ हे वडिलांचं म्हणणं त्या शर्टापुरतं बरोबर होतं. 2000 नंतर दोन गोष्टी बदलल्या. तयार शर्ट आखूड झाले आणि जीन्सची कंबर बेंबीखाली उतरली. उतरलेल्या कमरेवर इन टिकत नाही, वाकलं की सुटतो. न्यूयॉर्कमध्ये तर फक्त बाहेर ठेवायचेच शर्ट विकणारी कंपनी 2011 मध्ये निघाली. तरी ‘इन कर’ हे वाक्य काही घरांतून गेलेलं नाही.

तिसरी एक परंपरा पुण्याची होती. एकांकिका करणारी मुलं जीन्सवर खादीचा झब्बा चढवत, खांद्याला शबनम पिशवी. त्यात इनचा प्रश्नच मिटत होता, आणि काही वर्षं हा वेष मुलींवर छाप पाडायला पुरेसा समजला जाई. तो मागे पडला याचं मला थोडं वाईट वाटतं.

त्याची जागा घेतली शुक्रवारने. होनोलुलूत 1966 च्या सुमारास कापड व्यावसायिकांच्या खटपटीने शुक्रवारी फुलाफुलांचे शर्ट ऑफिसात चालू लागले. 1992 मध्ये एका अमेरिकी कंपनीने खाकी पँट खपवण्यासाठी ऑफिसातला ‘कॅज्युअल’ म्हणजे काय हे समजावणारी पुस्तिका हजारो मनुष्यबळ अधिकाऱ्यांना पाठवली. म्हणजे नियम सैल झाला तो माल विकण्यासाठी. हा शुक्रवार आयटी कंपन्यांबरोबर हिंजवडीला पोचला: जीन्स चालेल, टी-शर्टला कॉलर हवी, चप्पल नको. शुक्रवारी संध्याकाळी तिथून सुटलेली मुलं त्याच कपड्यांत एफसी रोडला किंवा कॅम्पात कुणाला तरी भेटायला जात. डेटचा पोशाख ठरला तो असा, मनुष्यबळ विभागाच्या मेलमधून.

बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर 1996 मध्ये सुरू झालेल्या कॅफेची साखळी पुढे सगळीकडे पसरली आणि तासभर बसायला जागा मिळाली. मग डेटिंग अॅप आली, आणि कपडे भेटीआधीच फोटोत दिसू लागले. गोंधळ मात्र विवाह संकेतस्थळांवरून ठरलेल्या भेटींनी वाढवला. भेट कॅफेत, मुलगा-मुलगी दोघंच, पण पत्रिका आधीच जुळलेली. या भेटीला डेट म्हणावं तर जीन्स, कांदेपोहे म्हणावे तर पँट. बरेच जण मधला मार्ग म्हणून चिनो, म्हणजे साधी सुती पँट, आणि फिका निळा शर्ट घालतात. मुलाखतीला आल्यासारखा दिसणारा हा पोशाख दोन्हीकडे तितकाच परका वाटतो.

पायांचा प्रश्न तर अजून सुटलेलाच नाही. बाहेरून आलेले सल्ले पांढरे स्नीकर सांगतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डेक्कनवरून दुचाकीने येणाऱ्याने ते कसे पांढरे ठेवायचे, याचं उत्तर त्यांच्यात नसतं. या चार महिन्यांसाठी आपल्याकडे फ्लोटर होते आणि आहेत. ते पहिल्या भेटीला चालतात का, यावर मित्रांच्या कुठल्याही कट्ट्यावर दोन तट पडतात. मी चालतात म्हणणाऱ्यांपैकी, नखं कापलेली असतील तर.