घशाखाली न उतरणारा घास आणि फरसाणाचा डबा

वाईट बातमी आली की घशाखाली घास उतरत नाही. महिनाभर टेन्शन असलं की मात्र त्याच माणसाचा हात रात्री अकराला फरसाणाच्या डब्यात जातो.

यातली पहिली गोष्ट आधी उलगडली. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ (क्ष-किरणांत उठून दिसणारा धातू) कालवलेलं खाणं देऊन क्ष-किरणांखाली त्यांचं जठर पाहत. मांजर बिथरलं की जठराची हालचाल ठप्प व्हायची. त्यांचं पुस्तक १९१५चं.

१९५७ मध्ये हॅरोल्ड आणि हेलन कॅप्लन यांनी दुसरी बाजू मांडली: काही जण चिंता शमवायला खातात, त्यातून लठ्ठ होतात. पटण्यासारखं होतं, पण १९६८ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शाख्टर यांनी ते तपासलं. विद्यार्थ्यांना विजेच्या झटक्याची भीती घातली आणि 'चव सांगा' म्हणून बिस्किटं पुढे ठेवली. बेताच्या वजनाच्या मुलांनी कमी खाल्लं, लठ्ठ मुलांनी भीती असो-नसो जवळपास तेवढंच. सिद्धान्त लंगडा पडला.

खरा धागा १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांना सापडला. मिल्कशेक पाजून आइस्क्रीम दिलं, तर एरवी तोंडावर ताबा ठेवणाऱ्या स्त्रियांनीच ते जास्त खाल्लं. 'आजचा दिवस बुडालाच' हा तो हिशेब. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याकडे आधीच माहीत होतं म्हणा! म्हणजे प्रश्न वजनाचा कमी, आवळून धरण्याचा जास्त. ताण ही पकड सैल करतो.

शरीराचा वाटाही आहेच. ताणात दोन संप्रेरकं (हार्मोन्स) सुटतात. ॲड्रेनलिन भूक लगेच दाबतं. कॉर्टिसॉल मागून येतं, रेंगाळतं आणि भूक वाढवतं. २००१ मध्ये ५९ स्त्रियांवर झालेल्या एलिसा एपेल यांच्या अभ्यासात, ताणाने ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त चढलं त्यांनी ताणाच्या दिवशी जास्त खाल्लं, गोडाकडे ओढाही त्यांचाच अधिक.

म्हणून 'उद्यापासून बंद' हा उपाय उलटतो. दुपारचं जेवण चुकवू नये. रात्रीचं लांबणार असेल तर पाचच्या सुमाराला मूठभर दाणे-फुटाणे खावेत. फरसाण खायचंच तर वाटीत काढून, डबा फडताळात ठेवून, बसून खावं. डब्यातूनच खाल्लं की किती गेलं ते कळत नाही. ताबा सुटून भरमसाट खाणं आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं, तर डॉक्टरांना दाखवावं. २०१३ पासून मानसोपचारात त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीची भरपाई म्हणून नाश्ता टाळला की. संध्याकाळी सहाला डबा पुन्हा उघडतो.