ओले तिकीट ओढू नये

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली भारतातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यात आली. या घटनेच्या शताब्दीनिमित्त 1953 मध्ये टपाल खात्याने दोन आण्यांचे एक तिकीट काढले, त्यावर शंभर वर्षांपूर्वीचे आणि त्या काळचे अशी दोन इंजिने आहेत. ठाणेकर संग्राहकाकडे हे तिकीट नसले तर त्याला जरा ओशाळल्यासारखे होते. माझ्याकडे ते आहे, परंतु त्याच्या पाठीवर मसुराच्या डाळीएवढा भाग पातळ झालेला आहे, कारण शाळेत असताना मी ते अर्धवट भिजवून पाकिटावरून ओढले होते. अलीकडे नौपाड्यातील आमच्या शेजाऱ्यांची मुलगी नेमके तेच करताना दिसली. कागद पूर्ण भिजला, म्हणजे डिंकही सुटला असणार, असे तिचे म्हणणे होते. हा समज मोठ्या माणसांतही सर्रास आढळतो. प्रत्यक्षात कागद भिजणे आणि डिंक सुटणे या दोन क्रिया अगदी वेगवेगळ्या वेगाने घडतात, आणि तिकिटाचे नुकसान होते ते या दोहोंमधल्या काळात.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. हे तंतू एकमेकांना चिकटून राहतात ते मुख्यतः हायड्रोजन बंधांमुळे, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढीमुळे. पाणी केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, तंतूंमधल्या पोकळ्यांत शिरते आणि या बंधांच्या जागी स्वतः जाऊन बसते. साधा कागद ओला झाला की त्याची ताकद कोरड्या कागदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरते, आणि एवढे सगळे मिनिटा-दोन मिनिटांत होते.

डिंकाचे काम मात्र सावकाश चालते. जुन्या तिकिटांच्या पाठीवर बाभूळवर्गातील झाडांचा डिंक किंवा पिठापासून केलेले डेक्स्ट्रिन असे, पुढे पॉलिव्हिनिल अल्कोहोलही आले. हे सगळे पदार्थ लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असतात. मीठ पाण्यात टाकले की त्याच्या पृष्ठभागावरचे आयन, म्हणजे विद्युतभारित सूक्ष्म कण, एकेक करून सुटतात आणि निघून जातात. साखळ्यांना तसे सुटता येत नाही, कारण त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यामुळे आधी पाणी डिंकात शिरते, डिंक फुगतो, त्याचा लिबलिबीत थर होतो, आणि मग एकेक साखळी गुंत्यातून सैल होऊन बाहेर पडते. भिजत घातलेला साबुदाणा डोळ्यांपुढे आणावा: दाणा बाहेरून मऊ आणि चिकट झालेला असतो, तरी मध्ये कोरडी कणी राहिलेली असते. फुगल्यानंतर विरघळणेही प्रत्येक डिंकाच्या नशिबी नसते. उन्हाळ्यात सरबतात घालतात तो कतिरा रात्रभर पाण्यात ठेवला तरी नुसता फुगून बसतो. बाभळीचा डिंक विरघळतो, म्हणून तो तिकिटांच्या कामाचा.

आता मधला काळ पाहू. कागद सर्वांत दुबळा झालेला आहे आणि डिंक फुगला असला तरी अजून दोन्ही कागदांना धरून आहे. अशा वेळी तिकीट ओढले तर जो दुवा सर्वांत कच्चा तो तुटतो, आणि या क्षणी तो दुवा डिंकाचा नसून तिकिटाच्याच तंतूंचा असतो. तंतूंचा एक पापुद्रा पाकिटावर राहतो. म्हणून तिकिटाभोवती सुमारे अर्धा सेंटिमीटर कागद ठेवून पाकीट कापावे, तुकडा थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात ठेवावा आणि तिकीट आपोआप सरकू लागेपर्यंत, म्हणजे बहुधा पंधरा-वीस मिनिटे, त्याला हात लावू नये.

एवढा वेळ का लागतो, याचे उत्तर विसरणाच्या, म्हणजे रेणू दाटीच्या जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरण्याच्या, नियमात आहे. रेणू पाण्यात सरळ रेषेत जात नाहीत, धक्के खात वेडेवाकडे भटकतात, आणि त्यामुळे अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ चौपट होतो. डिंकाची साखळी साखरेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी जड, म्हणून तिची गती मुळातच मंद, आणि तिला कागदाच्या जाळीतून वाट काढायची असते. तिकिटामागे पाकिटाचे दोन पदर राहिले असतील तर एक पदर आधीच काढून टाकणे किती फायद्याचे आहे, हे या दुपटीला चौपट अशा हिशेबावरून कळते. शिवाय विसरण चालते ते दोन ठिकाणच्या संहतींमधील, म्हणजे द्रावणाच्या दाटपणातील, फरकावर. वाडग्यातल्या पाण्यातच डिंक साचला की तो फरक घटतो, म्हणून सुटलेले तिकीट दुसऱ्या, स्वच्छ पाण्यात पुन्हा ठेवावे आणि पाठ बोटाला बुळबुळीत लागेनाशी झाल्यावरच बाहेर काढावे. उकळत्या पाण्याने वेळ वाचतो हे खरे, पण शाई आणि पाकिटाचा रंग सुटण्याचा वेगही त्याच उष्णतेने वाढतो. लाल किंवा खाकी पाकिटांचे तुकडे तर नेहमी वेगळ्या वाडग्यातच भिजवावेत.

भिजलेल्या तिकिटाची पाठ या वेळी जरूर पाहावी. तंतूंमधल्या हवेची जागा पाण्याने घेतल्यामुळे प्रकाश कमी विखुरतो आणि कागदातले जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, उठून दिसते. माझ्या दोन आण्यांच्या तिकिटात चांदण्या आहेत.

वाळवताना तिकीट चित्राची बाजू खाली करून टीपकागदावर ठेवावे, म्हणजे उरलासुरला डिंक चिकटत नाही. तंतू भिजल्यावर जाडीत पुष्कळ आणि लांबीत अगदी थोडे फुगतात, त्यामुळे वाळताना कागद सगळीकडे सारखा आकसत नाही आणि तिकिटाची सुरळी होते. किंचित दमट असतानाच ते कोऱ्या टीपकागदांत घालून जाड पुस्तकाखाली दाबावे. इस्त्री आणि ऊन दोन्ही टाळावे. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली असते की एका रात्रीत वाळलेले वाटणारे तिकीट आतून दमटच राहते आणि संग्रहवहीत त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. मी हे काम दसऱ्यानंतरच काढतो.

जुन्या तिकिटाला लाखो रुपये मिळतात, अशा संदेशांवर विसंबून आजोबांची पत्रे भिजवणाऱ्यांना मात्र हात जोडावेसे वाटतात. बहुतेक जुनी तिकिटे प्रचंड संख्येने छापलेली असतात, आणि जुन्या पत्रावर स्पष्ट शिक्क्यासह असलेले तिकीट पुष्कळदा पत्रासकटच अधिक मोलाचे असते.

काही तिकिटे मुळीच भिजवू नयेत. 2006 चे चंदनाच्या वासाचे तिकीट आणि 2011 चे खादीवर छापलेले गांधीजींचे तिकीट त्यांतलीच. ब्रिटनच्या 1883-84 मधील हिरव्या तिकिटांची शाई मुद्दामच कच्ची ठेवलेली होती, कारण शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरणाऱ्याच्या हाती रंग उडालेला कागद यावा, असा तिथल्या टपाल खात्याचा हेतू होता. स्वतःच चिकटणाऱ्या आधुनिक तिकिटांवर बहुधा ॲक्रिलिक गोंद असतो. त्याच्या साखळ्यांना पाण्याशी सोयरिक नको असते, त्यामुळे त्यांपैकी पुष्कळ तिकिटे तासन्‌तास बुडवून ठेवली तरी सुटत नाहीत. अशी तिकिटे मी कडेने कापून, पाकिटाच्या तुकड्यासह ठेवतो.