माल चढउतार क्षेत्र, शहरी

मालवाहू वाहनाने ठराविक वेळेपुरते उभे राहून माल उतरवावा किंवा भरावा, यासाठी रस्त्याच्या कडेला, बाजाराच्या आवारात अथवा इमारतीच्या भूखंडात राखून ठेवलेली जागा. वाहनतळावर वाहन नुसते उभे असते. येथे मात्र उभ्या वाहनाभोवती काम चाललेले असते. चालक, हमालांची टोळी, मुकादम, बिल्टी (मालाच्या वाहतुकीची पावती) तपासून नग मोजून घेणारा दुकानाचा माणूस आणि माल पुढे नेणारी हातगाडी हे सर्व त्याच जागेचे घटक होत. त्यामुळे केवळ वाहनाच्या लांबी-रुंदीवरून तिचे माप ठरवल्यास ती नेहमी अपुरी पडते. मागचा फाळका उघडण्यासाठी, थप्पी लावण्यासाठी आणि हातगाडी वळवण्यासाठी लागणारी मोकळीक त्या मापात धरावी लागते. नगरनियोजनाच्या बऱ्याच ग्रंथांत हा विषय वाहनतळाचा उपप्रकार म्हणून येतो. हे वर्गीकरण समाधानकारक नाही. आजूबाजूच्या वस्तीला होणारा बराचसा उपद्रव या जागेला कामाची जागा न मानल्यामुळेच उद्भवतो.

उगम : शहरात माल कधी आणि कसा आणावा यावरील सर्वांत जुना तपशीलवार लिखित नियम म्हणून सामान्यतः ‘हेराक्लेयाचा कांस्यपट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन लेखाचा दाखला दिला जातो. हा लेख दक्षिण इटलीत १७३२ मध्ये सापडला व तो आता नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. त्याच्या ५६ ते ६७ या ओळींनुसार रोम शहरात सलग वस्ती असलेल्या भागात सूर्योदयानंतर दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे दुपार बरीच कलेपर्यंत, मालगाड्या आणण्यास किंवा हाकण्यास मनाई होती. देवालयांच्या व सार्वजनिक इमारतींच्या बांधकामाचे साहित्य, पाडकामाचा राडारोडा, विशिष्ट धर्मकृत्यांच्या दिवशी पुजारी व व्हेस्टा देवतेच्या सेविका यांची वाहने, तसेच विजययात्रा आणि सार्वजनिक खेळ यांसाठीच्या गाड्या यांना त्यातून सूट होती.

या लेखाचे स्वरूप आणि काळ यांविषयी विद्वानांत एकमत नाही. जर्मन कायदेपंडित साव्हिन्यी याने एकोणिसाव्या शतकात, पादुआ येथील एका शिलालेखातील ‘यूलियन नगर-कायदा’ या उल्लेखाच्या आधारे, हा लेख म्हणजे यूलियस सीझरचा नगरशासनाचा कायदा होय असे मत मांडले आणि त्यावरून इ. स. पू. ४५ हे वर्ष रूढ झाले. पुढील अभ्यासकांनी लेखातील विषयांची विस्कळीत मांडणी दाखवून, हा एकच कायदा नसून वेगवेगळ्या वेळच्या नियमांचे संकलन असावे, असे प्रतिपादन केले. धान्यवाटपासाठीची निवेदने, रस्त्यांची देखभाल, वाहनबंदी आणि नगरसभेच्या सदस्यत्वाची पात्रता हे विषय एकामागून एक ज्या तऱ्हेने येतात, ती पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वाहनबंदीचा भाग सीझरच्या आधीचा असू शकतो. त्यामुळे ‘सीझरने रोममध्ये दिवसा गाड्या बंद केल्या’ हे सर्वत्र आढळणारे विधान थोडे जपूनच वापरले पाहिजे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वाहनबंदीच्या भागातील शेवटचे कलम अधिक महत्त्वाचे आहे. रात्री शहरात आणलेल्या गाड्यांना दिवसा रिकाम्या अथवा खत व घाण भरून बाहेर जाण्याची त्यात मुभा आहे. माल रात्री उतरत होता आणि गाड्या उजाडल्यावर परतत होत्या, याचा हा स्पष्ट पुरावा होय. या गाड्यांच्या खडखडाटाने रहिवाशांची झोप उडते, अशी तक्रार रोमन उपहासकाव्यात आढळते. तरीही हा नियम वेळेचा आहे, जागेचा नाही. गाडीने नेमके कोठे उभे राहावे, याविषयी तो काही सांगत नाही. म्हणून त्याला चढउतार क्षेत्राचा उगम न मानता पूर्वसूरी मानणे योग्य ठरेल.

राखीव जागेची कल्पना दोन वेगळ्या परंपरांतून आलेली दिसते. एक बंदरांची : धक्का, त्यामागे मोकळे आवार आणि त्यामागे वखारी, अशी रचना बहुतेक व्यापारी शहरांत होती. दुसरी मोटारयुगातील वाहतूक नियमनाची. अमेरिकेत १९२० च्या दशकात शहरांच्या मध्यभागी रस्त्यावर मोटारी उभ्या करण्यावर निर्बंध येऊ लागले. लॉस एंजेलिसने १९२० मध्ये आणि शिकागोने १९२८ मध्ये अशी बंदी घातली. मोटारी हटवल्या तरी दुकानांचा माल थांबवता येत नव्हता; त्यामुळे त्याला अपवाद द्यावा लागला आणि तो अपवाद कडेच्या रंगवलेल्या पट्ट्यांच्या व फलकांच्या रूपाने स्थिर झाला. शिकागोत त्याआधीच, १९०६ पासून, रस्त्यांच्या सुमारे १२ मीटर खालून लहान मापाच्या रेल्वेने माल व कोळसा थेट इमारतींच्या तळघरांत नेला जाई. ही भुयारी वाहतूक १९५९ मध्ये बंद पडली. रस्त्यावरचा ताण रस्त्याबाहेर नेण्याचा दुसरा मार्ग इमारतीतच धक्का बांधण्याचा होता. न्यूयॉर्कच्या १९६१ च्या विभागनियमावलीत मोठ्या इमारतींना तशी सक्ती आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये चढउतार क्षेत्राची स्वतंत्र व्याख्या नाही. कलम ११५ नुसार विशिष्ट रस्त्यांवर विशिष्ट वाहनांना बंदी घालता येते. कलम ११७ नुसार वाहने कायमची अथवा ठराविक काळ उभी करण्याच्या जागा ठरवता येतात. धोकादायक रीतीने उभ्या वाहनांविषयीचे कलम १२२ आणि ती हलवण्याविषयीचे कलम १२७ हे अंमलबजावणीचे मुख्य आधार आहेत. मुंबईत रस्ता महानगरपालिकेचा, त्यावर थांबण्याचे नियमन वाहतूक पोलिसांकडे, माल उचलणाऱ्या श्रमिकाची नोंदणी कामगार विभागाच्या अखत्यारीतील माथाडी मंडळाकडे आणि शेतमाल असल्यास त्याचा बाजार कृषी उत्पन्न बाजार समितीकडे, अशी विभागणी आहे. दहा मीटर कडेच्या एका पट्ट्यावर चार यंत्रणांचा अधिकार चालतो, पण त्या पट्ट्याची संपूर्ण जबाबदारी त्यांपैकी एकीचीही नसते. विकास नियंत्रण नियमावल्यांत व्यापारी व औद्योगिक इमारतींसाठी, मजल्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, ३.७५ × ७.५ मीटर मापाच्या मालवाहनाच्या जागा भूखंडातच ठेवण्याची तरतूद आहे. ती नव्या बांधकामाला लागू होते. मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी या भागांतील जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींना अंगणच नसल्यामुळे तेथे तिचा उपयोग होत नाही.

मुंबई : या शहराइतकी चढउताराच्या प्रश्नाची स्पष्ट साखळी भारतात क्वचितच दिसते. प्रिन्सेस डॉक (१८८०) व व्हिक्टोरिया डॉक (१८८८) यांच्या पाठीशी दाणाबंदर, चिंचबंदर, मस्जिद बंदर, भात बाजार असा घाऊक बाजारांचा पट्टा होता आणि त्याच्या पश्चिमेस मंगलदास मार्केट, मूळजी जेठा मार्केट, लोहार चाळ व काळबादेवी ही किरकोळ आणि निमघाऊक व्यापाराची दाटी. धक्का ते गोदाम आणि गोदाम ते गाळा हे अंतर बैलगाडी व हातगाडीने कापण्याजोगे होते, रस्तेही त्याच मापाचे होते. ट्रक आले तेव्हा ते याच रस्त्यांवर उभे राहू लागले. सुमारे अडीच मीटर रुंदीचा ट्रक गल्लीत एका बाजूला लागला की उरलेल्या जागेतून हातगाड्या, पादचारी आणि समोरून येणारे वाहन यांना एकाच वेळी वाट मिळत नाही, आणि आगीच्या प्रसंगी बंबालाही ती मिळत नाही.

यावर शासनाने योजलेला मुख्य उपाय बाजारांच्या स्थलांतराचा होता. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये अस्तित्वात आली. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८० च्या दशकाच्या आरंभी, मसाला व धान्य बाजार १९९० च्या दशकाच्या आरंभी आणि भाजीपाला व फळांचा बाजार १९९६ च्या सुमारास नवी मुंबईत तुर्भे-वाशी येथे गेला. लोखंड-पोलाद बाजारासाठी कळंबोली येथे जागा देण्यात आली. तुर्भ्याच्या बाजारात गाळ्यांसमोर ट्रक लागण्याचे धक्के मुळातच आखलेले आहेत, आणि हा फरक तेथे काम करणाऱ्यांच्या पाठीला आणि मानेला थेट जाणवतो.

स्थलांतराने दक्षिण मुंबईचा भार हलका झाला हे निर्विवाद असले, तरी प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. पोत्यांचा माल गेला. सुकामेवा व मसाल्याचा निमघाऊक व्यापार, कापड, कागद, विद्युत साहित्य आणि मुख्य म्हणजे बाहेरगावी माल पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या कचेऱ्या राहिल्या. पूर्वी एक मोठा ट्रक करीत असे ते काम आता अनेक टेम्पो अनेक फेऱ्यांत करतात. २००५ मध्ये बाजारात आलेल्या आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने सर्वतोमुखी झालेल्या लहान मालवाहनाने अरुंद गल्ल्यांत शिरण्याची सोय केली. त्याबरोबर थांबण्याची ठिकाणेही विखुरली. बंदराकडील पी. डिमेलो मार्ग व हा बाजारपट्टा यांना जोडणारा १८६८ मधील कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडण्यात आला आणि त्याच्या जागचा नवा सिंदूर पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला. मधल्या काळात मालाला वळसा घ्यावा लागला. बाजारपट्ट्याचे जीवन किती थोड्या प्रवेशमार्गांवर अवलंबून आहे, हे त्यातून दिसून आले.

श्रम : चढउतार क्षेत्राच्या चर्चेत श्रमिकाचा विचार सर्वांत शेवटी येतो, महाराष्ट्रापुरते तरी तसे होण्याचे कारण नाही. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेल्या हमालांची मजुरी पूर्वी नगावर ठरे आणि तिची हमी कोणीच देत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ संमत झाला. त्याअन्वये मालक व कामगार यांची नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी मंडळामार्फत दिली जाते आणि तिच्यावरील लेव्हीतून (मालकाकडून घेतल्या जाणाऱ्या अधिक आकारातून) भविष्यनिर्वाह निधी, रजा व वैद्यकीय सोयी पुरवल्या जातात. किराणा, कापड, लोखंड-पोलाद अशी व्यापारवार मंडळे स्थापन झाली. हमाली, तोलाई (वजन करण्याबद्दलचा आकार), वाराई (गाडीतील माल चढवण्या-उतरवण्याबद्दलचा आकार) हे आकार कोणी द्यायचे यावरील वाद जुने आहेत आणि त्यांपैकी वाराईचा वाद अद्याप मिटलेला नाही.

वाहन दुकानापासून किती अंतरावर थांबते यावर हमालाच्या डोक्यावरील ओझ्याचा काळ ठरतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने उचलावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम मानली आहे, परंतु अंतराची मर्यादा तिच्यात नाही. गर्दी कमी करण्यासाठी ट्रक शंभर मीटर मागे हटवण्याचा आदेश निघतो, तेव्हा ते शंभर मीटर कोणाच्या तरी मानेवर जातात. नियोजनाच्या आराखड्यात हा खर्च दाखवला गेला पाहिजे.

रात्रीची चढउतार : दिवसाची गर्दी टाळण्यासाठी माल रात्री आणावा, हा उपाय रोमनांप्रमाणेच आजही प्रथम सुचवला जातो. दिल्लीत लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या चांदनी चौकाच्या पट्ट्याची २०२१ मध्ये पुनर्रचना झाल्यानंतर तेथे सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. माल साहजिकच रात्री येतो. मात्र ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. फाळका आपटण्याचा, लोखंडी गजांचा आणि मागे येणाऱ्या ट्रकच्या भोंग्याचा आवाज तिच्या बराच वर जातो. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या वस्त्यांत ही विसंगती रोजची आहे. नेदरलँड्समध्ये या प्रश्नाकडे उपकरणांच्या बाजूने पाहण्यात आले : तेथे दुकानांच्या चढउतारीसाठी संध्याकाळी ६५ व रात्री ६० डेसिबल अशा मर्यादा घालून त्यांत बसणारी चाके, फाळके व शीतयंत्रे विकसित करण्यात आली. भारतीय शहरांत आवाजाचे मोजमाप उत्सवांच्या काळात होते. मालाच्या आवाजाचेही ते व्हावयास हवे.

अन्य शहरांतील पद्धती : पॅरिसमध्ये दोन प्रकारच्या जागा आखलेल्या आहेत. एकेरी पिवळ्या तुटक रेषेच्या जागेत रात्री व रविवारी खासगी मोटार लावता येते, दुहेरी रेषेच्या जागा सदैव मालासाठीच असतात. बार्सिलोनात चढउतारीसाठी साधारणतः अर्ध्या तासाची मर्यादा असून तिची नोंद भ्रमणध्वनीवरील उपयोजनाने होते. न्यूयॉर्कने २०१९ पासून निवासी गल्ल्यांतही अशा जागा आखण्यास सुरुवात केली. घरपोच मागवलेल्या वस्तूंमुळे निवासी भागातही माल सतत येऊ लागला, हे त्यामागचे कारण होय. या तिन्हींपैकी पॅरिसची वेळेनुसार वाटणी मुंबई-पुण्याच्या मिश्र वस्त्यांना अधिक जवळची आहे.

महाराष्ट्र व गोव्यातील इतर नगरे : पुण्यात गुलटेकडी येथील मार्केट यार्डामुळे भवानी व नाना पेठांतील घाऊक व्यापाराचा मोठा भाग बाहेर गेला; लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ व बोहरी आळी येथे मात्र टेम्पो आजही रस्त्यावरच रिकामे होतात. नागपुरात इतवारीचा जुना बाजार व कळमन्याचे मार्केट यार्ड यांच्यात असाच संबंध आहे. कोल्हापूरची लक्ष्मीपुरी आणि गोव्यातील म्हापशाचा बाजार यांतही चढउतार रस्त्याच्या कडेनेच चालते.

नवे बदल : ऑनलाइन मागणीमुळे मालाचा नग लहान आणि फेऱ्या पुष्कळ झाल्या आहेत. काही मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या सेवांची छोटी गोदामे निवासी इमारतींच्या तळमजल्यांवर निघाली आहेत. त्यांच्यापुढे पहाटे टेम्पो माल उतरवतात आणि दिवसभर दुचाकीस्वार पुढच्या खेपेची वाट पाहत पदपथावर थांबतात. नकाशात हा गाळा दुकान म्हणून दाखवलेला असतो, प्रत्यक्षात तो वखारीचे काम करतो, आणि वखारीला लागणारी आवाराची अट त्याला लागू होत नाही. दुचाकीस्वारांना थांबण्यास, पाणी पिण्यास व स्वच्छतागृहास जागा देण्याची जबाबदारी कोणावर, हेही नियमावल्यांत लिहिलेले नाही. माथाडी अधिनियमाने गाळ्यासमोरील हमालाला १९६९ मध्ये नोंदणी, रजा व निधी मिळवून दिला; त्याच पदपथावर आज उभा असणारा दुचाकीस्वार त्या अधिनियमाच्या अनुसूचीत नाही.